बंद दुकानाचं मीटर का लुकलुकतं?

जळगाव-अजिंठा रस्त्यावरच्या पहूरमध्ये रात्री दुकानांची शटर खाली येतात, तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच असतो. वीज खातंय कोण?

तो दिवा म्हणजे दुकानाची नाडी. मीटरवर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, समजा ३२००. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमध्ये ११ सेकंद जात असतील, तर आत साधारण १०० वॉटचं काहीतरी चालू आहे. मग एकेक बटण बंद करत जायचं. लय मंदावली की चोर सापडला. बहुधा थंड पेयांचा फ्रीज, नाहीतर चार्ज होणारा इन्व्हर्टर. फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो, त्यामुळे घाई नको.

मोठ्या इमारतींचं ऊर्जा-सर्वेक्षण यापेक्षा फार वेगळं नाही. वर्षभराच्या युनिटांना चौरस मीटरांनी भागायचं, म्हणजे लहान कार्यालयही मोठ्याशी ताडता येतं. केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो कार्यालयांना याच भागाकारावरून तारे देतो. मग दिवे, पंखे, एसी, पंप यांचे वाटे वेगळे काढायचे. खानदेशात त्यासाठी सोपी युक्ती आहे: मे महिन्याच्या युनिटांतून डिसेंबरची वजा करा. उरतो तो बराचसा गारव्याचा खर्च.