रोहिणीच्या भिंतींतील लपलेला धोका

"अँजिओग्राफी झाली, तीसच टक्के अडथळा निघाला, आतां काळजीचें कारण नाहीं," असे उद्गार हल्लीं अनेक घरांतून ऐकूं येतात. हा निर्वाळा खोटा नव्हे. परंतु तो पुरा खराही नव्हे, हें समजून घेणें प्रत्येक कुटुंबास हितावह आहे.

हा विकार कोणाचीच भीड धरीत नाहीं. अंधेरीस चार बंगल्यांनजीक भव्य रुग्णालय उभारण्याचा ध्यास घेतलेले विख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके हे मे २००३ मध्यें हृदयविकाराच्या झटक्यानेंच निवर्तले. तें रुग्णालय त्यांच्या पश्चात् पुरें होऊन २००९ सालीं कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय या नांवानें सुरू झालें. शेंकडों हृदयें ज्यांनीं हाताळलीं त्यांचीही ही गत, तर झटक्याचा माग आधींच लागूं शकेल काय, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो.

अँजिओग्राफींत दिसतो तो केवळ रोहिणींतील रक्ताचा मार्ग. तिची भिंत दिसत नाहीं. चरबीचा थर तर भिंतींतच सांचतो, आणि पुष्कळ दिवस रोहिणी बाहेरच्या बाजूस फुगून त्याला जागा करून देते. गळवावरील कातडीप्रमाणें या मऊ थरावर एक पापुद्रा असतो. तो ६५ मायक्रॉनांहून पातळ, म्हणजे केंसाहूनही बारीक असला, तर फुटण्याचें भय अधिक. तो फुटला कीं रक्ताची गुठळी होऊन रोहिणी अकस्मात् बंद पडते.

ही भिंत आंतून पाहण्याचीं साधनें आतां उपलब्ध आहेत. मनगटांतून वा जांघेंतून घातलेल्या बारीक नळीच्या टोंकाशीं ध्वनिलहरींचें यंत्र असतें. तें थराची जाडी दाखवितें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली 'ओसीटी' ही पद्धति प्रकाशाच्या साह्यानें १० ते २० मायक्रॉनांपर्यंतचा तपशील दाखविते, म्हणून पापुद्राही मोजतां येतो. तिसरी पद्धति अवरक्त किरणांनीं चरबी ओळखते.

२०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉस्पेक्ट' या संशोधनांत ६९७ रुग्णांची अशी पाहणी झाली. उपचार केलेल्या जागेमुळें तीन वर्षांत १२.९ टक्के रुग्णांना पुन्हा त्रास झाला, आणि उपचार न केलेल्या इतर जागांमुळें ११.६ टक्के. या दुसऱ्या जागा पहिल्या अँजिओग्राफींत सरासरीनें अवघ्या ३२ टक्के अरुंद दिसल्या होत्या! तथापि धोक्याचीं तिन्ही लक्षणें, म्हणजे जाड थर, अरुंद मार्ग व पातळ पापुद्रा, जेथें एकत्र आढळलीं, तेथेंही शंभरांपैकीं सुमारें अठराच जागांनीं त्रास दिला. अर्थात् यंत्र संशयित दाखवितें. गुन्हेगार निश्चित करीत नाहीं.

मग अशा जागीं आधींच स्टेंट बसवावा काय? २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, मुख्यत्वें दक्षिण कोरियांत झालेल्या 'प्रिव्हेंट' या १६०६ रुग्णांच्या चांचणींत केवळ औषधें घेणाऱ्यांपैकीं ३.४ टक्के, तर स्टेंटही बसविलेल्यांपैकीं ०.४ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्रास झाला. परंतु हा फरक प्रामुख्यानें पुन्हा रुग्णालयांत जाणें व पुन्हा उपचार करणें यांतला होता. मृत्यूच्या संख्येंत निर्णायक अंतर दिसलें नाहीं.

म्हणून निरोगी माणसानें केवळ कुतूहलानें ही तपासणी करवून घेऊं नये. रोहिणीस इजा, रक्तस्राव, मूत्रपिंडांवर द्रव्याचा भार, हे धोके तींत आहेतच. अँजिओग्राफी करणें प्राप्तच असेल, तेव्हां भिंतीची पाहणी उपयोगी पडेल काय, हें मात्र डॉक्टरांस अवश्य विचारावें.

उलट, स्टॅटिन वर्गाच्या औषधांनीं पापुद्रा जाड होतो, हें याच साधनांनीं प्रत्यक्ष दिसून आलें आहे. यास्तव "तीसच टक्के" म्हणून आपल्या मतानें गोळ्या सोडणें, तंबाखू चालूं ठेवणें, किंवा छातींतील दडपण 'वात असेल' म्हणून ओंव्यावर भागविणें, यांत मोठा अविचार आहे. एकत्र कुटुंबांत वडिलांचें पथ्य राखणारीं माणसें पुष्कळ असतात. त्यांपैकीं एकानें तरी गोळ्यांची वेळ आपल्याकडे घ्यावी.