दहावीच्या आधी एकदा केगावला जाऊन या



गटाच्या बैठकीला आईबरोबर आलेल्या मुलींना मी नेहमी विचारते, "पुढं काय व्हायचंय गं?" उत्तरं ठरलेली. शाळेतली बाई, नर्स, पोलीस. ही कामं चांगलीच आहेत. पण मुलगी तेच सांगते जे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. प्रयोगशाळेत काम करणारी बाई तिला कधी दिसलीच नाही, तर ती ते नाव घेणार कुठून?

म्हणून आज कामाच्या ठिकाणच्या भेटीबद्दल बोलायचंय. ही सहल नव्हे. इथं मुलींनी काम चालू असताना बघायचं आणि ते करणाऱ्या माणसाशी बोलायचं.

ज्यांच्या घरी डाळिंब आहे त्यांना तेल्या काय ते सांगायला नको. फळावर तेलकट डाग पडतो, मग फळ तडकतं आणि हातातोंडाशी आलेला बहार जातो. हा रोग जिवाणूमुळं होतो. त्यावर काम करणारं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच सोलापूरजवळ, पुणे रस्त्यावर केगावला आहे, 2005 सालापासून. 'सोलापूर लाल' हे वाण तिथलंच. त्यात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त आहे. नवं वाण म्हणजे काय? एका झाडाच्या फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर ठेवायचा, बी लावायचं, रोपं वाढवायची, फळं तोलायची, तपासायची आणि वर्षानुवर्षं सगळं वहीत लिहायचं. शेतात राबणाऱ्या बाईला यातलं निम्मं काम ओळखीचंच वाटेल!

अशा ठिकाणी फक्त मोठे शास्त्रज्ञच लागतात असं नाही. माती-पाण्याचे नमुने तपासणारे, रोपं सांभाळणारे, संगणकावर नोंदी ठेवणारे, यंत्रं दुरुस्त करणारे, सगळे लागतात. कुणी कृषी पदवीधर असतं, कुणी डिप्लोमावालं, कुणी आयटीआय केलेलं. 'सायन्स म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर' हा आपला समज तिथं आपोआप ढिला पडतो.

माझं एक ठाम मत आहे. या भेटीला आयांनी जायलाच हवं. मुलगी विचारते, "हे यंत्र काय करतं?" आई विचारते, "ड्युटी रात्रीची असते का? यायला-जायला गाडी आहे का? पगार किती मिळतो?" दोन्ही प्रश्न लागतातच. दहावीनंतर शिकवायचं की लग्नाचं बघायचं हे घरात ठरतं. मुलगी एकटीच बघून आली, तर घरच्यांना पटवायचं ओझंही तिच्या एकटीवरच पडतं.

केगाव लांब पडत असेल तर गावातल्या दूध संकलन केंद्रापासून सुरुवात करा. फॅट कसा मोजतात, पाणी घातलेलं कसं कळतं, हे मुलींना बघू द्या. आपल्या दुधाचा दर त्याच आकड्यावर ठरतो, तेव्हा ते आपणही बघितलेलं बरं. आरोग्य केंद्रात रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञांना विचारा, त्या काय शिकल्या. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. आत जायला आधी रीतसर परवानगी लागते.

हे शाळेकडून करून घेता येतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे, ती स्थानिक कामं आणि कारागीर बघण्यासाठीच. आणि शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असायला हव्यात. म्हणजे आपल्या गटातल्या कितीतरी जणी तिथं आधीच बसलेल्या आहेत. पुढच्या बैठकीत नुसती सही करू नका. भेटीचा विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या.

खर्चाचं म्हणाल, तर एसटीत बायका-मुलींना अर्धं तिकीट आहेच. पुढच्या शिक्षणाचंही ऐका. 2024-25 पासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकारनं पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घेतलेला हवा. वसतिगृह आणि पुस्तकांचा खर्च वेगळा, तो आधीच धरून चला.

भेट दिवाळीनंतर ठेवा, वार्षिक परीक्षेच्या बरीच आधी. वीस-पंचवीस मुलींपेक्षा जास्त नेऊ नका, मागं उभ्या असलेल्यांना काही ऐकू येत नाही. परवानगीचं पत्र मुख्याध्यापकांच्या सहीनं महिनाभर आधी द्या आणि त्यात एक ओळ नक्की घाला: तिथं काम करणाऱ्या एखाद्या ताईंनी मुलींशी अर्धा तास बोलावं.