झेक नवसिनेमा : भाग 9 – दिवे घालवा, चोरलेलं परत ठेवा

इटालियन निर्माता कार्लो पाँतीने ‘द फायरमेन्स बॉल’मध्ये घातलेल्या पैशांची भानगड या आठवड्यात सांगणार होतो. ती पुढच्या अंकावर ढकलतो, कारण मागचा भाग वाचून कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे, त्या चित्रपटातले बंबवाले खरेच बंबवाले होते का? होते. पण एवढ्यावर थांबणं मला जमणार नाही.

दिग्दर्शक मिलोश फोरमन आणि त्याचे सहलेखक इव्हान पासर व यारोस्लाव पापोऊशेक हे तिघं उत्तर बोहेमियातल्या वर्खलाबी गावात जाऊन बसले होते ते वेगळीच पटकथा लिहायला. ती काही केल्या पुढे सरकेना. एका रात्री विरंगुळा म्हणून ते गावातल्या बंबवाल्यांच्या नाचाला गेले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना दुसरा विषयच सुचेना. पुढे चित्रीकरणही त्याच गावात झालं, आणि पडद्यावरचा नाच भरवणाऱ्या बंबवाल्यांच्या समितीत बहुतेक तिथलीच माणसं आली. समितीचा म्होरक्या झालेला यान व्होस्त्रचिल मात्र बाहेरचा. तो मूळचा ब्रास बँडवाला. फोरमनच्या ‘ब्लॅक पीटर’मधला बाप तोच.

अशा हौशी मंडळींच्या हाती फोरमन संहिता देतच नसे. प्रसंग तोंडी सांगायचा, स्वतः करून दाखवायचा आणि शब्द त्यांचे त्यांना सापडू द्यायचे. म्हणून तर त्या समितीची बैठक इतकी खरी वाटते. एकाचं वाक्य दुसरा तोडतो, तिसरा भलत्याच मुद्द्यावर अडून बसतो आणि ठराव काही होत नाही.

आता चित्रपटातल्या त्या नाचाच्या सभागृहातलं सोडतीचं टेबल बघा. रात्र चढत जाते तशी त्यावरची बक्षिसं एकेक करून नाहीशी होतात. शेवटी समिती जाहीर करते की दिवे घालवतो, ज्याने जे उचललं असेल ते अंधारात गुपचूप परत ठेवावं. दिवे लागतात तेव्हा टेबलापाशी एकटा योसेफ उभा, हातात डुकराच्या मांसाचा थिजवलेला मोठा गोळा. टेबलाच्या राखणीवर नेमलेला माणूस हाच! गोळा लांबवला होता त्याच्या बायकोने; हा बिचारा परत ठेवायला आला आणि सगळ्या सभागृहासमोर सापडला. मग आतल्या खोलीत समितीचा खल सुरू होतो. त्यांना चोरीचं फारसं वाईट वाटत नाही. परत ठेवताना दिसला, दलाची अब्रू गेली, याचा राग!

माझ्या मते हा चित्रपट सत्ताधाऱ्यांना झोंबला तो इथे. चोर सगळेच, पण मान खाली घालावी लागली ती परत करणाऱ्याला. 1967 च्या चेकोस्लोव्हाकियात हे कोणाला उद्देशून आहे, ते समजावून सांगायची गरज नव्हती. देशभरच्या बंबवाल्यांनी मात्र ते स्वतःच्याच अंगाला लावून घेतलं आणि इतका गहजब केला, की हे तुमच्याबद्दल नाही, हे फोरमनला ठिकठिकाणी जाऊन पटवावं लागलं.

पुढच्या भागाआधी चित्रपट जरूर बघून ठेवा. तो पुरता सव्वा तासाचाही नाही, आणि पाँतीने पैसे परत मागितले तेव्हा नेमकं तेच कारण पुढे केलं होतं.