१९ वर्षांच्या घोडीसाठी स्थळ शोधायचंय

हा आपल्या एपिसोडचा लिखित अवतार. ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून इथे तो भाग जरा सावकाश मांडलाय. आधीच सांगतो, मी बीटेकवाला, दिवसभर डेटाबेस आणि बग्ज. घोड्यावर बसलोय ते फक्त माथेरानला. पण वंशावळ म्हणजे शेवटी एक ग्राफच ना? प्रत्येक नोडला दोन पालक, बस्स. आणि ग्राफ दिसला की आमच्या जमातीला राहवत नाही.

तर प्रश्न असा. समजा इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरला, कुणाकडे क्लीव्हलँड बे जातीची एक घोडी आहे. वय १९. तिची आई, आजी, पणजी अशी जी ओळ मागे जाते, त्या ओळीतल्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच घोड्या उरल्यात. मालकाला ती ओळ टिकवायचीय. घोडा कोणता निवडायचा?

‘सगळ्यात देखणा, सगळ्यात जास्त बक्षिसं मिळवलेला’ हे उत्तर पटकन सुचतं. या घोडीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा सगळ्यात वाईट उत्तर असतं. का, ते बघू.

क्लीव्हलँड बे ही इंग्लंडच्या सगळ्यात जुन्या घोड्यांपैकी एक जात. रंग तांबूस तपकिरी, आयाळ-शेपूट-पाय काळे. पूर्वी फेरीवाल्यांचा माल वाहायची, मग बग्ग्या ओढायला लागली. शाही बग्ग्यांना आजही हे घोडे जुंपतात. १८८०च्या दशकात त्यांची संस्था आणि स्टडबुक, म्हणजे अधिकृत वंशनोंदवही, सुरू झाली. मग मोटारी आल्या, पहिलं महायुद्ध झालं, आणि संख्या घसरत गेली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पैदाशीचे शुद्ध नर घोडे उरले होते अवघे चार. मलग्रेव्ह सुप्रीम नावाचा एक घोडा अमेरिकेला विकला जाणार होता. राणी दुसऱ्या एलिझाबेथनं तो विकत घेतला आणि पैदाशीसाठी इतरांना खुला केला. पुढच्या पंधराएक वर्षांत नर घोडे ३६ झाले.

छान गोष्ट आहे, इथे टाळ्या वाजतात. पण ग्राफ बघणाऱ्याला दुसरंच काहीतरी दिसतं. चाराचे ३६ झाले खरे, पण ते ३६ आले कुठून? त्याच मूठभर घोड्यांतून. डोकी वाढली, विविधता नाही वाढली. एकाच फाईलच्या छत्तीस कॉपी केल्या म्हणून माहिती वाढत नाही, तसंच काहीसं.

२०२०मध्ये या जातीवर एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनी वंशावळ आणि ४०२ घोड्यांचे डीएनए नमुने, दोन्ही एकत्र तपासले होते. निष्कर्ष वाचून मी चहा बाजूला ठेवला. नरांच्या ९१ टक्के आणि माद्यांच्या ४८ टक्के ओळी संपल्यात. जिवंत घोड्यांच्या जनुकसाठ्यातला अर्धा भाग फक्त तीन पूर्वजांकडून आलाय. माद्यांच्या बाजूनं बघितलं तर ७० टक्के वंश तीनच मूळ घोड्यांपर्यंत जातो. आणि नरांच्या बाजूनं? सगळेच्या सगळे एकाच मूळ घोड्यापर्यंत.

आता हे ‘ओळ’ प्रकरण नीट समजून घेऊ, कारण गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र बघतात. गोत्र बापाकडून येतं, बापाच्या बापाकडून, तसंच मागे. घोड्यांच्या जगात मादीची ओळ म्हणजे उलटं गोत्र समजा, फक्त आईकडून येणारं. त्यामागे जीवशास्त्रही आहे. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए आईच्या बीजांडातूनच येतो, म्हणून ती ओळ प्रयोगशाळेत तपासता येते.

पण गोत्र वेगळं म्हणजे नातं नाही, असं असतं का? मामाच्या मुलीचं गोत्र वेगळंच असतं आणि ती सख्खी मामेबहीण असते. अशा जोडप्याच्या मुलात, एखाद्या जागी आईकडून आणि बापाकडून आलेलं जनुक एकाच पूर्वजाची हुबेहूब नक्कल असण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे ६.२५ टक्के. सावत्र भावंडांच्या जोडीत हीच शक्यता १२.५ टक्के होते, सख्ख्या भावंडांच्या जोडीत २५. घोड्यांचंही गणित हेच. घोडा ‘वेगळ्या ओळीतला’ आहे म्हणून तो घोडीला परका ठरत नाही. तीन पूर्वजांनी अर्धा जनुकसाठा व्यापलेल्या जातीत तर नाहीच नाही.

शिवाय मायटोकाँड्रियाचा डीएनए आहे केवढा? साधारण साडेसोळा हजार अक्षरं. पेशीकेंद्रातला डीएनए सुमारे अडीचशे कोटी अक्षरांचा. दहा पिढ्यांमागची मूळ घोडी आपल्या घोडीपर्यंत एकाच वाटेनं आली असेल, तर केंद्रातल्या डीएनएमध्ये तिचा वाटा सरासरी १०२४मध्ये एक. म्हणजे ‘ओळ वाचवली’ असं म्हणताना आपण एक छोटा पण खरा ठेवा आणि एक मोठं लेबल वाचवत असतो. मला ही ओळ वाचवणं योग्यच वाटतं, कारण एकदा तुटली की ती कुठल्याच मार्गानं परत येत नाही. पण नुसत्या लेबलासाठी घोडा निवडायचा नसतो. घोडीच्या उरलेल्या दुर्मीळ जनुकांचाही विचार करायचा असतो.

त्यासाठी दोन आकडे लागतात. पहिला, या घोडीचं या घोड्याशी नातं किती. हाच आकडा पुढे शिंगराचा अंतःप्रजननाचा आकडा होतो. दुसरा, त्या घोड्याचं जातीतल्या सगळ्या जिवंत घोड्यांशी सरासरी नातं किती. हा दुसरा आकडा जितका कमी, तितका घोडा दुर्मीळ. प्राणिसंग्रहालयांत वाघ-गेंड्यांच्या जोड्या जमवतात त्या याच हिशेबानं. कोड लिहायला सोपं आहे, एक रिकर्सिव्ह फंक्शन आणि एक मोठा तक्ता.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की दुर्मीळ घोडीला शक्यतो दुर्मीळच घोडा द्यावा. आपल्याला उलटं वाटतं ना? लोकप्रिय घोडा दिला की पिल्लाला मागणी येईल, ओळ पसरेल. पण मग त्या शिंगरात घोडीची दुर्मीळ जनुकं आणि घोड्याची घरोघरी पोहोचलेली जनुकं एकाच गाठोड्यात बांधली जातात. पुढे दुर्मीळ भाग वाढवायला त्या शिंगरापासून जास्त पैदास केली, की नको असलेला भागही सोबत वाढतो. गिटमध्ये हवा तो कमिट चेरी-पिक करता येतो, शिंगरात नाही. म्हणून बक्षिसवाला, शंभर पोरांचा बाप, या घोडीसाठी यादीत शेवटी.

एक सावधगिरी डेटावाल्यांसाठी. वंशावळीत आजोबांचा रकाना रिकामा असेल तर सॉफ्टवेअर धरून चालतं की हा घोडा कुणाचाच नातेवाईक नाही, आणि ऐटीत शून्य टक्के दाखवतं. नल म्हणजे शून्य नव्हे, मंडळी! पाच पिढ्या बघून ‘नातं नाही’ म्हणणंही तसलंच. क्लीव्हलँड बेच्या नोंदी जवळपास तीनशे वर्षं मागे जातात, तिथे हे टाळता येतं. आपल्याकडे भीमथडी घोड्याला, म्हणजे पुणे-सातारा-सोलापूर-नगर भागातल्या धनगरांच्या वाटसोबत्याला, कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. असं स्टडबुक हाताशी नसेल, तिथे केसांच्या मुळांतून डीएनए काढून नातं मोजायचं. कागद नसला तरी डीएनए असतोच.

आता तिसरा आकडा, जो कुठल्याच वंशावळीत नसतो: घोडीचं वय. घोडी तिच्या आयुष्यभराची बीजांडं जन्मतःच घेऊन येते. १९ वर्षांच्या घोडीचं बीजांडही १९ वर्षांचंच. शिवाय वाढत्या वयात, घोडी फळवल्यानंतर गर्भाशयात साचणारा द्रव बाहेर टाकायची ताकद कमी होते, सूज राहते, गर्भ टिकत नाही. गर्भकाळ सुमारे ११ महिने, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त एक शिंगरू. आणि मादीची ओळ पुढे जायला शिंगरू मादीच हवं.

हिशेब करू. समजा दर मोसमात जिवंत शिंगरू मिळायची शक्यता ५० टक्के, त्यात मादी असायची निम्मी. म्हणजे वर्षाला २५ टक्के. तीन मोसम हातात असतील तर एक तरी मादी शिंगरू मिळायची शक्यता ५८ टक्क्यांच्या आसपास. आता समजा जनुकांच्या दृष्टीनं सगळ्यात उत्तम घोडा मेलाय, त्याचं गोठवलेलं वीर्य तेवढं आहे. ते वितळवल्यावर काही तासच तग धरतं, त्यामुळे बीजांड सुटण्याची वेळ अचूक गाठावी लागते, सोनोग्राफीच्या फेऱ्या होतात, आणि म्हाताऱ्या घोडीच्या गर्भाशयाला ते सोसत नाही. शक्यता ३० टक्क्यांवर आली असं धरलं तर तीन वर्षांचा आकडा ३९वर घसरतो. आकडे मी गृहीत धरलेत, पण घसरण खरी आहे.

म्हणून मी असतो तर क्रम असा लावला असता. आधी पशुवैद्याकडून घोडीच्या गर्भाशयाची तपासणी, आणि ती शेवटची कधी व्यायली याची चौकशी. दरवर्षी व्यालेली १९ वर्षांची घोडी आणि एकदाही न व्यालेली, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. मग जवळपासचा, जिवंत, चांगल्या प्रजननक्षमतेचा, पोरं कमी असलेला घोडा, मग तो नात्याच्या आकड्यात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर का असेना. नातं चार टक्क्यांऐवजी सहा टक्के असलं तरी चालेल, शिंगरू उभं राहायला हवं. आणि जो दुर्मीळ घोडा मेलाय त्याचं वीर्य? ते राखून ठेवायचं, याच घोडीच्या तरुण मुलीसाठी. खिशात पैसे असतील तर तरुण घोडीच्या पोटात गर्भ ठेवायची सोयही आहे. पोट उसनं असलं तरी मायटोकाँड्रिया बीजांडवालीचाच, त्यामुळे ओळ बदलत नाही.

आणि नर शिंगरू झालं तर? अशा वेळी मालकाचा चेहरा पडतो आणि वर्ष-दोन वर्षांत शिंगराचं खच्चीकरण होतं. थांबा जरा. तो ओळ पुढे नेणार नाही, पण आईच्या केंद्रातल्या डीएनएचा अर्धा भाग त्याच्याकडे आहे, आणि घोडीला जे वर्षाला एकदाच जमतं ते तो एका मोसमात कितीतरी घोड्यांसोबत करू शकतो. निदान त्याचा डीएनए तपासून, सरासरी नात्याचा आकडा काढून होईपर्यंत तरी डॉक्टरला बोलावू नका.