क्रूस, तलवार आणि जानवे

मी फणसवाडीत राहतो. थोडे चालले की कावेल लागते. ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती. तिथून जाताना प्रश्न पडतो : सर्व माणसे देवाची लेकरे मानणाऱ्या धर्मात जात शिरली कशी?

१०९५ साली पोप दुसरा अर्बन याने जेरुसलेमसाठी युद्धाची हाक दिली आणि लढणे हेच पुण्य ठरले. त्याच परंपरेत १४५५ साली पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगीजांना बिगरख्रिस्ती मुलूख जिंकण्याचा, माणसे गुलाम करण्याचा अधिकार दिला. १५१० साली गोवा पडले. १५३४ साली वसईसह मुंबईची बेटे गेली. गोव्यात देवळे पाडली गेली, जात मात्र पाडली नाही. धर्मांतर बहुधा गावागावाने, जातीजातीने झाले. गावकरीचे जमीनहक्क जुन्याच हातांत राहिले. बामण, चारडो, सुदीर हे भेद चर्चमध्येही गेले. मदुराईच्या मिशनवरून वाद झाला, तेव्हा १६२३ साली पोप पंधरावा ग्रेगरी याने ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना जानवे ठेवण्याची मुभा दिली.

जेत्यांना प्रजा हवी होती, समता नव्हे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत समतेची प्रतिज्ञा का होती, हे इथे उमगते. देव बदलला म्हणून जात आपोआप जात नाही.