चाळीस दिवसांच्या कोंबडीचं मोल

श्रावण लागला की पुण्यात चिकनच्या दुकानावरच्या पाटीतला आकडा उतरू लागतो. तिकडे कावेरीकाठच्या कुंभकोणमला ही वेळ सप्टेंबरच्या मध्यावर येते. पुरट्टासी महिना विष्णूचा, त्यामुळे कितीतरी घरांत महिनाभर मांसाहार बंद. घराघरातल्या या पाळणुकीचा धक्का थेट शेअरबाजारापर्यंत पोचतो, हे खरं वाटतं का?

पुण्याची ‘व्हेंकीज (इंडिया)’ घ्या. बी. व्ही. राव यांच्या व्यंकटेश्वरा समूहातली ही कंपनी १९७६ साली ‘वेस्टर्न हॅचरीज’ म्हणून सुरू झाली. हिचा शेअर स्वस्त की महाग, हे ठरवायचं कसं?

आधी कोंबडीच बघू, मांसासाठी वाढवतात ती ब्रॉयलर. अंड्यातून बाहेर येताना पिल्लू असतं चाळीसेक ग्रॅमचं. सुमारे चाळीस दिवसांत ते दोन किलोचं होतं, म्हणजे पन्नासपट! याच वेगानं वाढलं तर तीन किलोचं तान्हं बाळ सव्वा महिन्यात दीडशे किलोचं होईल. आणि एक किलो वजन चढायला कोंबडीच्या पिल्लाला खाद्य लागतं जेमतेम दीड-पावणेदोन किलो. हे खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयापेंड, आणि खर्चाचा दोनतृतीयांशाच्या आसपास वाटा त्याचाच. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी भडकली, की सरकारला १२ लाख टन आयातीची मुभा द्यावी लागली.

आता खरी जादू. समजा, किलोमागे खर्च ९५ रुपये आणि भाव १००. नफा पाच. भाव ११० झाला तर? भाव वाढला दहा टक्के, नफा मात्र पाचाचे पंधरा, तिप्पट! आणि भाव ९० वर आला, तर नफ्याच्या जागी तोटा.

इथेच भलेभले फसतात. शेअर स्वस्त आहे का हे बघायला आपण पीई काढतो, म्हणजे शेअरची किंमत भागिले प्रतिशेअर नफा. मंदीत शेअर १,००० रुपये आणि नफा ५०, तर पीई २०, महागच की! तेजीत शेअर १,५०० आणि नफा १५०, तर पीई १०. वा, स्वस्त! पण त्या तेजीत प्रत्येक जण जास्त अंडी उबवायला लावतो. २१ दिवसांत पिल्लं, आणखी चाळीस दिवसांत कोंबड्या. दोन महिन्यांत बाजारात पूर आणि भाव गडगडलेला. शेअर सर्वांत स्वस्त दिसला तो क्षणच सर्वांत महागाचा निघतो!

म्हणून एका वर्षाचा नफा धरायचा नाही. तेजी-मंदीची निदान सात-आठ वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि आजची किंमत तिच्याशी ताडायची. वाईट वर्षं मुळीच वगळायची नाहीत. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२० च्या सुरुवातीला कोरोनाच्या नुसत्या अफवेनं चिकनचे भाव कोसळले. असं वर्ष कर्जाच्या ओझ्यानं न वाकता निभावता येईल का, हे माझ्या मते पीईपेक्षा आधी बघावं. व्हेंकीजकडे प्राण्यांच्या औषधांचा आणि तेलबियांचा धंदाही आहे. त्याचा हिशेब वेगळा मांडायचा. (ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब मात्र २०१० मध्ये समूहाच्या लंडनमधल्या खासगी कंपनीनं घेतला. या शेअरबरोबर मैदान मिळत नाही!)

शेवटचं आश्चर्य ताळेबंदात आहे. हिशेबाच्या नियमांत जिवंत जनावराला ‘जैविक मालमत्ता’ म्हणतात. बाजारभाव भरवशानं काढता येत असेल, तर विक्रीखर्च वजा करून तोच तिचं मोल धरायचा, आणि मोलातला फरक नफा-तोट्यात दाखवायचा. म्हणजे शेडमध्ये दाणे टिपत कोंबडी नुसती जाडजूड होत गेली, तरी कागदावर नफा उमटू शकतो, एकही पक्षी विकला न जाता! हे मोल ३१ मार्चचं. वार्षिक अहवाल भागधारकाच्या हाती पडतो तोवर त्यातल्या ब्रॉयलर कोंबड्यांचा रस्सा कधीच संपलेला असतो, आणि शेडमध्ये त्यांच्या मागून आलेली दुसरी नाहीतर तिसरी तुकडी दाणे टिपत असते.