अल्पवयीन माता आणि तिचे अर्भक

शिरूर व दौंड हे भीमेच्या खोऱ्यातील तालुके पाटाच्या पाण्यामुळे उसाचे झाले आहेत. ऊसतोडीच्या हंगामात येथे परजिल्ह्यांतील कुटुंबेही उतरतात. अशा गावी वरच्या वर्गातील एखादी मुलगी एकाएकी येईनाशी झाली, तर शिक्षकांनी तिची चौकशी केली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या शरीराची वाढ पुरी झालेली नसते. त्यात गर्भ राहिला म्हणजे एकाच अन्नावर दोन वाढत्या जिवांचे पोषण व्हावयाचे असते. अंगी रक्तही बहुधा कमी असते. त्यामुळे मूल ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मण्याचा किंवा त्याचे वजन अडीच किलोहून कमी भरण्याचा संभव वाढतो. अशा अर्भकाच्या अंगावर चरबी थोडी असल्याने ते लवकर गार पडते. दिवस पुरे न भरल्यास फुप्फुसे कच्ची राहून श्वासास त्रास होतो. चोखण्याची शक्ती अपुरी असल्याने रक्तातील साखर उतरते, आणि जंतुसंसर्गही चटकन होतो.

आहाराचे महत्त्व याच जिल्ह्यात दिसून आले आहे. १९९३ पासून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पुण्याजवळील सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. ज्या माता दूध, फळे व हिरव्या पालेभाज्या वरचेवर खात, त्यांची बालके जन्मतः अधिक भरलेली आढळली.

जन्मानंतरची निगाही तितकीच मोलाची आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांचा विचार करता, ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरभेटी देतात.

बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी, पहिल्या तासातच अंगावर पाजावे, चीक टाकून देऊ नये. बाळ दूध ओढीत नसेल, अंग थंड किंवा तापलेले असेल, श्वास मिनिटास साठ किंवा त्याहून अधिक होत असेल, तर विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

तथापि खरा उपाय याच्या फार आधीचा आहे. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरले. १९७८ मध्ये ते १८ झाले, आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानेही तेच कायम ठेवले. विवाह ठरल्याचे कानी येताच शिक्षकांनी प्रथम पालकांची गाठ घ्यावी. न ऐकल्यास १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. मुलगी शाळेत जितकी वर्षे अधिक राहील, तितके तिचे व तिच्या पुढील अपत्याचे आयुष्य सुरक्षित होईल.